ॲक्वेरियमला जाताय? मग सगळं बघायचा हट्ट सोडा

घरच्या सगळ्यांना घेऊन ॲक्वेरियमला गेलं की बहुतेक वेळा एकच घोळ होतो. तिकिटाचे पैसे वसूल झाले पाहिजेत म्हणून ह्या टाकीवरून त्या टाकीवर नुसती पळापळ, तासाभरात सगळं बघून मोकळे, आणि बाहेर आल्यावर पोराला विचारलं काय आवडलं तर म्हणतं, मासे. आमचं पहिल्यांदा अगदी हेच झालं होतं आणि मला खूप हळहळ वाटली, कारण इतकं सुंदर काहीतरी डोळ्यांसमोर होतं आणि आम्ही थांबलोच नाही. आता आम्ही चार-पाच टाक्या मनापासून बघतो, बाकीच्या जाता जाता.

तिकीट आधी ऑनलाइन काढा आणि शक्यतो दिवसातला पहिला स्लॉट घ्या. मधल्या वारी गर्दी कमी असते खरी पण शाळांच्या सहलीही तेव्हाच येतात, म्हणून एक फोन करून विचारलेलं बरं. त्याच फोनवर विचारून घ्या की माशांना खायला कधी घालतात, एकदा बाहेर आलं की त्याच तिकिटावर परत आत सोडतात का, आणि बाबागाडी चालते का. खायला घालायची वेळ सगळ्यात महत्त्वाची, एरवी तळाशी गप्प पडून असलेला मासाही तेव्हा एकदम कामाला लागतो, त्यामुळे बाकीचा दिवस त्या वेळेच्या आजूबाजूला बसवा.

आत अंधार असतो आणि बऱ्याच ठिकाणी एसीचा चांगलाच गारठा असतो, मुलांना एखादा स्वेटर घ्याच. आणि मुलांना भडक रंगाचे कपडे घाला म्हणजे गर्दीत पटकन दिसतात, पण जो फोटो काढणार आहे त्याने गडद रंग घालावा कारण पांढरा शर्ट काचेत लख्ख उमटतो. आत शिरायच्या आधी मुलांचा आजच्या कपड्यातला एक फोटो काढून ठेवा आणि चुकामूक झाली तर कुठे उभं राहायचं ते दाखवून ठेवा, ही दोन मिनिटं अजिबात वाचवू नका.

अगदी लहान मूल मोठ्या टाकीला घाबरू शकतं. शार्क अंगावर आल्यासारखा वाटतो आणि त्यात मुलाचं काही चुकत नाही, सपाट काचेतून पाण्यातली वस्तू साधारण पाव अंतराने जवळ दिसते, म्हणून मोठीही वाटते. आधी छोट्या माशांच्या टाक्या दाखवा, मोठीपाशी लांबून सुरुवात करा, रडलं तर ओढत नेऊ नका.

आता थांबायचं कुठे. माझं पहिलं उत्तर समुद्रघोडा. टाकी लहान असते, हालचाल जवळपास नसते, लोक दोन सेकंदात पुढे जातात. तुम्ही खाली बसा, मुलाच्या उंचीला या आणि फक्त एकच घोडा धरून बघत राहा. आधी शेपूट बघा, गवताच्या काडीला कशी वेढा घालून धरलेली असते. मग डोळे, एक इकडे बघतो आणि दुसरा तिकडे, दोन्ही वेगवेगळे फिरतात. पाठीवरचा छोटा पर इतका भरभर हलतो की नुसती थरथर दिसते. मग मुलांना सांगा, बाबा कोणता ते शोधा. पोटाखाली गुळगुळीत पिशवी असेल तो नर, कारण मादी अंडी त्याच्या पिशवीत घालते आणि पिल्लांना जन्म तोच देतो. हे कळल्यावर आमच्या लेकीने टाकीतला एकेक घोडा तपासला, वीस मिनिटं हललीच नाही, आणि ती वीस मिनिटं माझ्यासाठी त्या दिवसातली सगळ्यात चांगली होती.

दुसरं म्हणजे पाकट, म्हणजे चपटा स्टिंगरे मासा. तो काचेला चिकटून वर सरकतो तेव्हा पोटाकडून हसरा चेहरा दिसतो ना, त्यातले डोळे म्हणजे खरं तर नाकपुड्या आहेत, खरे डोळे वरच्या बाजूला असतात. दोन्ही बाजू दिसेपर्यंत थांबा. ईल, म्हणजे सापासारखा लांबट मासा, सतत तोंड उघडमीट करत असेल तर तो चिडलेला नाही, श्वास घेतोय, कल्ल्यांवरून पाणी फिरवायची त्याची पद्धत आहे ती. ऑक्टोपस बरेचदा लपलेला असतो, कोपरे आणि दगडांच्या फटी नीट बघा. त्याला हृदयं तीन आणि रक्त निळं, आणि आठही हातांत इतक्या मज्जापेशी की हात जणू स्वतःच शोधाशोध करतात.

काचेवर टकटक मात्र करू देऊ नका, पाण्यात आवाज हवेपेक्षा चारपटीहून जास्त वेगाने जातो आणि माशांना पाण्यातली कंपनं अख्ख्या अंगाने कळतात. फ्लॅशही बंदच ठेवा. बहुतेक माशांना पापण्या नसतात, बिचारे डोळे मिटणार तरी कसे, आणि शिवाय फोटोत काचेवरचा पांढरा झोतच येतो. मोबाईलची लेन्स काचेला अलगद टेकवून सरळ धरा, तिरकी धरली की मासा वेडावाकडा येतो.

तारामाशाला हात लावायला देत असतील तर आधी आणि नंतर हात नुसत्या पाण्याने धुवायचे का साबणाने ते तिथल्या माणसाला विचारा, सॅनिटायझर लावलेला हात पाण्यात घालू नका. दोन बोटांनी हलकेच, आणि त्याला पाण्याबाहेर काढायचं नाही.

आजी-आजोबा बरोबर असतील तर मोठ्या टाकीसमोरचा बाक हे त्यांचं ठिकाण. आमच्या सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या तिथेच बसल्या आणि आम्ही परत आलो तर त्यांना ठाऊक होतं की एक मोठा मासा दर फेरीला त्याच खडकामागून येतो, नातवंडांना त्याच दाखवत होत्या. आम्ही फिरून काय वेगळं बघितलं असतं!

खेळण्यांचं दुकान बहुतेक बाहेर पडायच्या वाटेवरच असतं, काय घ्यायचं आणि कितीचं ते घरूनच ठरवून निघा. आणि दुकानात शिरायच्या आधी, रस्ता एकेरी नसेल तर, प्रत्येक मुलाला विचारा की कोणत्या टाकीपाशी परत जायचंय. तेवढी एक टाकी परत बघा, तोपर्यंत सकाळची गर्दी पुढे सरकलेली असते आणि काच जवळपास तुमचीच असते.