गणपतीला घरी आलेला मुलगा: पंचवीस मिनिटांचा लघुपट लिहिताना आणि शूट करताना

मुंबईत जोडीदारासोबत राहणारा, घरी काहीच न सांगितलेला गे मुलगा गणपतीला कोकणात गावी येतो. या विषयावरच्या संहिता सहसा एकाच जागी फसतात. शेवटाकडे तो सगळ्यांसमोर बोलून टाकतो, वडील ओरडतात, आई पदर तोंडाला लावते. हे होणार, हे प्रेक्षकाला पहिल्या मिनिटालाच कळलेलं असतं. खरं बघण्यासारखं असतं ते लपवणं. ते दिवसभराचं काम आहे आणि त्यात चुका होतात. संहिता त्या कामाची लिहा.

मुक्कामाला बाहेरून ठरलेली मुदत हवी, म्हणजे त्याला मधेच उठून जाता येत नाही. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात ग्रँड ज्युरी पुरस्कार मिळवलेल्या ‘साबर बोंडं’मध्ये वडिलांच्या मृत्यूनंतरचे दहा दिवस हेच काम करतात. लघुपटाला दीड दिवसाचा गणपती पुरतो: चतुर्थीची सकाळ, रात्रीची आरती, दुसऱ्या दिवशीचं विसर्जन. एका पानाला एक मिनिट हा हिशोब इथे चुकतो, कारण गप्प बसण्याचे प्रसंग कागदावर दोन ओळींचे आणि पडद्यावर मिनिटभराचे असतात. वीस पानांवर थांबा.

आता संवाद. इथे मराठी व्याकरण तुमच्या बाजूने आहे आणि त्याचा वापर फार कमी जण करतात. समजा वहिनीला वाटतंय की मुंबईत कोणी मुलगी आहे. ती चिडवते, तो नाकारत नाही. आता त्याला जोडीदाराचं लिंग न सांगता बोलायचंय. ‘काल पिठलं केलं होतं’ हे सुरक्षित, कारण क्रियापद पिठल्याप्रमाणे चालतं आणि करणारा गायब होतो. ‘येईल’, ‘असेल’ हेही सुरक्षित. ‘येतो’, ‘गेला’, ‘म्हणाला’ ही उघडं पाडतात. त्यामुळे त्याची वाक्यं कर्ता गाळलेली, भविष्यकाळाकडे सरकणारी लिहा. मग तिसऱ्या प्रसंगात, नारळ खोवताना, तो घड्याळाकडे बघून सहज म्हणतो, ‘अजून घरी आला नसेल.’ वहिनीचा हात क्षणभर थांबतो आणि पुन्हा खोवायला लागतो. त्या शॉटवर संगीत घालू नका, क्लोजअपही तिच्या हाताचा घ्या, चेहऱ्याचा नको.

वडिलांना खलनायक केलं की चित्रपट संपला. त्यांना कामं द्या: माटवी (गणपतीच्या वर टांगायची पाना-फळांची चौकट) बांधणं, भटजींना फोन, पावसात गळणाऱ्या कौलाखाली बादली ठेवणं. लग्नाचा विषय ते थेट काढत नाहीत, स्थळाचा बायोडेटा टीव्हीवर ठेवून जातात. आईला माहीत आहे की नाही, हे तुम्ही स्वतःशी पक्कं ठरवा आणि फक्त अभिनेत्रीला सांगा. न ठरवता सोडलं तर प्रत्येक टेकला ती वेगळी आई करते आणि संकलनात दोन बाया दिसतात.

घर मिळवताना विषय सांगा. ‘कौटुंबिक गोष्ट आहे’ म्हणून घर घेतलं आणि तिसऱ्या दिवशी वाडीत कळलं तर दार बंद होतं, आणि अर्ध्या शूटचं माजघर दुसरीकडे उभं करता येत नाही. करारात विषय, दिवस, माणसांची संख्या आणि वीजबिल लिहून सही घ्या. शूट खऱ्या गणपतीत ठेवू नका. शेजारी ढोल वाजत असतात आणि घरही रिकामं मिळत नाही. नंतर करायचं तर शाडूच्या दोन सारख्या मूर्ती आधीच सांगून ठेवा, विसर्जनाचा पहिला टेक फसतो. माटवीची पानं-फळं दिव्यांखाली दोन दिवसांत कोमेजतात, तेव्हा मूर्ती दिसणारे सगळे प्रसंग सलग उरका.

दहा बाय बाराच्या खोलीत फुलफ्रेम कॅमेऱ्याला २८ किंवा ३५ मिमी लेन्स लावा. त्याहून रुंद लावली तर भिंती वाकतात आणि घर मोठं दिसतं. जमिनीवर बसलेल्या माणसांसाठी कॅमेरा दोन-सव्वादोन फूट उंचीवर. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झ, त्यामुळे सेकंदाला २५ फ्रेम असतील तर शटर १/५० सेकंद, आणि २४ फ्रेम हवेच असतील तर शटर १७२.८ अंश (म्हणजे तेच १/५० सेकंद) ठेवा, नाहीतर ट्यूबलाइट फडफडते. मखराच्या स्वस्त एलईडी माळा तरीही त्रास देतात. आदल्या दिवशी दहा सेकंद शूट करून मोठ्या पडद्यावर बघा.

आवाजासाठी पंखा आणि फ्रिज बंद. फ्रिज बंद करताना गाडीची किल्ली त्यातच ठेवा, म्हणजे निघताना तो सुरू करायचं विसरत नाही. प्रत्येक खोलीचा रिकामा, कोणी बोलत नसतानाचा आवाज मिनिटभर घ्या. नव्या कडक साडीवर कॉलर माइक खसखसतो, म्हणून साड्या दोनदा धुऊन आणा. आरतीचे शब्द पारंपरिक आहेत, पण बाजारातलं रेकॉर्डिंग कोणाच्या तरी मालकीचं असतं. कलाकारांकडूनच गाऊन घ्या, आवाज एकदा सलग रेकॉर्ड करा आणि सगळे अँगल त्यावरच शूट करा. नाहीतर दर टेकला लय बदलते आणि टाळ्या जुळत नाहीत.

पंगतीला अख्खा दिवस द्या. चार माणसं, चार अँगल, प्रत्येकी पाच टेक म्हणजे ताटं वीस वेळा भरायची. मोदक फोडण्यापासून प्रसंग सुरू केला तर ऐंशी मोदक लागतील. जेवण अर्ध्यावर आलेलं असताना सुरू करा: फोडलेला मोदक, कालवलेला भात. वीस-पंचवीस मोदकांत भागतं, आणि कलाकार दुपारपर्यंत आजारीही पडत नाहीत.

थिएटरमध्ये दाखवायचं तर सेन्सॉर प्रमाणपत्र लागतं. कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर यूएचे (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या वर्गाचे) ७, १३ आणि १६ वर्षांवरचे असे तीन भाग झालेत. मुंबईत २०१० पासून भरणारा ‘कशिश’ हा एलजीबीटीक्यू चित्रपट महोत्सव या विषयासाठी स्वाभाविक जागा आहे. तिथे पाठवण्याआधी इंग्रजी उपशीर्षकं स्वतः तपासा. व्याकरणाचा खेळ भाषांतरकाराला सांगितला नसेल, तर ‘पिठलं केलं होतं’ला तो बिनदिक्कत इंग्रजी ‘he’ लावून मोकळा होतो, आणि वहिनीला कळायच्या दहा मिनिटं आधी सगळ्या थिएटरला कळतं.