गोव्यात मॅच बघायला बार कसा शोधायचा?

आमच्या पेठेत मॅच बघायला जागा शोधावी लागत नाही. फुटबॉलचा विश्वचषक आला की तालमीच्या दारात पडदा लागतो, ब्राझील-अर्जेंटिनाचे झेंडे गल्लीवर आडवे टांगले जातात आणि रात्री दीड वाजताही चहाचं पातेलं उकळत असतं. अडचण होते ती गाव सोडल्यावर. आणि कोल्हापूरकर दोन दिवस मोकळे मिळाले की गाव सोडून जातो कुठं, तर गोव्याला.

१८ डिसेंबर २०२२ ला आम्ही चौघं तिथंच होतो. अर्जेंटिना-फ्रान्स फायनल, रात्री साडेआठची. समुद्राला लागून एक शॅक, म्हणजे वाळूवरचं तात्पुरतं खाण्यापिण्याचं छप्पर, पकडला होता. मोठा पडदा, वाळूत खुर्च्या, समोर तळलेले बांगडे. हाफटाइमला अर्जेंटिना दोन-शून्यनं पुढं, आम्ही सगळे अर्जेंटिनावाले, म्हणजे राज्यच. दहा वाजले आणि मालकानं स्पीकर बंद केला. उघड्यावर रात्री दहानंतर लाउडस्पीकर लावता येत नाही. बरं, मुकी मॅच तर मुकी मॅच. पण थोड्या वेळानं शेजारच्या बारातून एकदम ओरडा आला. आमच्या पडद्यावर अजून फ्रान्सची पेनल्टी घ्यायची तयारीच चालली होती. ती गेली आत. लगेच पुन्हा ओरडा, आणि मग आमच्याकडं एम्बापेची ८१ व्या मिनिटाची व्हॉली. दोन्ही गोल आम्ही आधी कानानं पाहिले, मग डोळ्यांनी. मालकानं मोबाइलवरून प्रोजेक्टरला मॅच लावली होती आणि ती अर्धा मिनिट मागं चालत होती.

मॅच अर्जेंटिनानं शेवटी जिंकलीच, म्हणून त्या शॅकला माफ केलं. पण तेव्हापासून एक पक्कं ठरवलंय. बारात टीव्ही आहे का हे विचारायचंच नाही. टीव्ही सगळीकडं असतो. रिमोट कुणाच्या हातात आहे ते विचारायचं.

आधी घड्याळ

बार शोधण्याआधी मॅच भारतात किती वाजता आणि कुठल्या तारखेला आहे ते कागदावर लिहा. हसू नका, इथंच जास्त लोक फसतात. युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची मंगळवारची मॅच आपल्याकडं मंगळवार मध्यरात्र उलटून, म्हणजे बुधवारच्या तारखेत दिसते. आमच्यातला एक जण मोबाइलवर ‘बुधवार, १२:३०’ वाचून बुधवारी रात्री जेवून, पावडर लावून तयार होऊन बसला. मॅच संपून वीस-बावीस तास झाले होते.

दुसरी भानगड युरोपच्या घड्याळाची. तिकडं मार्चच्या शेवटच्या रविवारी काटे एक तास पुढं करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागं घेतात. त्यामुळं इंग्लंडमधली शनिवारी दुपारी साडेबाराची प्रीमियर लीगची मॅच आपल्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी पाचला आणि हिवाळ्यात सहाला दिसते. तीनची मॅच साडेसातला किंवा साडेआठला. चॅम्पियन्स लीगची रात्रीची मॅच हिवाळ्यात दीड वाजता सुरू होते. तिचा शेवट बारात बसून बघायचा विचार सोडा. सगळ्या बारांना उशिरापर्यंतचा परवाना नसतो. अशा मॅचला खोलीवर मोबाइल आणि शेंगदाणे हाच उत्तम बार.

आयपीएलवाल्यांना ही डोकेदुखी नाही. साडेतीन आणि साडेसात, संपलं.

मग हंगाम

समुद्रकाठचा शॅक हा प्रत्येकाच्या डोक्यातला पहिला पत्ता. पण शॅक बारमाही नसतात. ते पावसाळ्यापुरते उतरवतात आणि पावसाळा सरला की पुन्हा उभारतात. जून-जुलैत किनाऱ्यावर गेलात तर खवळलेला समुद्र आणि ओली वाळू, बाकी काही नाही. २०२६ चा विश्वचषक ११ जून ते १९ जुलै, अमेरिका-कॅनडा-मेक्सिकोत. फायनल आपल्याकडं २० जुलैला रात्री साडेबाराला. ऐन पावसात, मध्यरात्री. त्या दिवसांसाठी पक्क्या भिंतींचा, छपराचा आणि उशिरापर्यंत उघडा राहणारा बारच बघावा लागतो, शॅक विसरा.

निवडणूक आहे का तेही बघून घ्या. मतदान संपण्याआधीचे ४८ तास दारूबंदी असते, आणि बाराला कुलूप म्हणजे टीव्हीलाही कुलूप.

कुठल्या भागात शोधायचं

गोवा म्हणजे एक गाव नव्हे, हे आंबोलीचा घाट उतरतानाच डोक्यात ठेवा. कळंगुट-बागा भागात परदेशी पर्यटकांची जुनी ये-जा. त्यामुळं तिथं दारासमोरच्या फळ्यावर खडूनं मॅचच्या वेळा लिहिलेल्या दिसतात. प्रीमियर लीग बघायची असेल तर हा पट्टा सोपा. तोटा एवढाच की डिसेंबरात पाय ठेवायला जागा नाही आणि नऊनंतर डीजे सुरू झाला की पडद्यावरचा फुटबॉल नुसता सजावटीपुरता उरतो.

पणजीत मीरामारचा किनारा आहे, पण मॅचसाठी मी त्या बाजूला जात नाही. मी ‘१८ जून’ नावाचा रस्ता आणि फोंतेन्यासच्या आसपासच्या गल्ल्या धुंडाळतो. तिथं जुने छोटे बार आहेत, तावेर्न म्हणतात तसले. चार-पाच टेबलं, भिंतीवर वर टांगलेला टीव्ही, खाली गिऱ्हाईक तेच ते, रोजचं. हे बार मोबाइलवर शोधून सहसा सापडत नाहीत, पायी फिरून सापडतात.

आणि फुटबॉलच बघायचा असेल, अगदी पेठेतल्यासारखा ईर्षेनं, तर मडगाव गाठा. फातोर्ड्याचं स्टेडियम तिथं आहे, एफसी गोवाचं घरचं मैदान. २०१७ च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकाच्या मॅचही तिथं झाल्या. त्याच स्पर्धेत आपला कोल्हापूरचा अनिकेत जाधव भारताकडून खेळला होता. मडगावच्या बारात कोल्हापूरचे म्हटल्यावर भुवई वर जाते. अनिकेतचं नाव काढलं की खुर्ची पुढं सरकते. आपल्याकडं पाटाकडील विरुद्ध दिलबहार, या दोन तालमींच्या फुटबॉल संघांची मॅच म्हटलं की शाहू स्टेडियमवर काय होतं ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांच्याकडंही तेच होतं.

मोबाइलवर शोधताना

नकाशावर ‘स्पोर्ट्स बार’ असं शोधलंत तर निम्मी नावं नुसती पाटीपुरती निघतात. किती तारे मिळालेत ते बघू नका. ते तारे बहुतेक चिकन काफ्रियालला दिलेले असतात. फोटो बघा, तेही मालकानं टाकलेले नव्हे, गिऱ्हाइकांनी टाकलेले. फोटोत टीव्ही कुठं आहे? खांबामागं आहे का? त्यावर मॅच चालू आहे की गाण्यांचं चॅनल? जर्सी घातलेली माणसं दिसतात का? महिन्याभरातले दोन-तीन असे फोटो मिळाले की त्या बाराचं नाव यादीत घ्या. तीन नावं पुरेत.

याहून भरवशाचा शोध म्हणजे पायलटला विचारणं. पायलट म्हणजे गोव्यातला मोटारसायकल टॅक्सीवाला, पिवळी-काळी गाडी. फुटबॉलचं वेड असलेला पायलट मिळाला तर तो तुम्हाला जाहिरातीतल्या नव्हे, स्वतः जातो त्या बारात नेऊन सोडतो.

फोन, आणि त्यावर विचारायचं काय

मॅचच्या दिवशी दुपारी चारच्या आत फोन करा. संध्याकाळी उचलणारा माणूस घाईत असतो आणि कशालाही ‘हो’ म्हणतो. सुरुवात कोकणीत केलीत तर सूर बदलतो: “आयज मॅच दाखयतले?” एवढंच जमलं तरी पुरे, पुढं मराठी चालते.

पहिलं विचारायचं ते कुठली मॅच लागणार. एकाच वेळी भारताची क्रिकेट मॅच असेल तर तुमचा फुटबॉल गेला म्हणून समजा. रिमोटचं राजकारण तिथं चालत नाही. दोन टीव्ही असतील तर दुसऱ्यावर तुमची मॅच लावतील का, आणि आवाज कुणाचा असेल, हे तेव्हाच वदवून घ्या.

दुसरं, मॅच कशावर दिसते. डिशवर की इंटरनेटवर? इंटरनेटवरची मॅच मागं चालते, काही सेकंदांपासून अर्ध्या मिनिटापर्यंत, हे आम्ही वाळूत बसून शिकलो. आणि ते चॅनल त्यांच्याकडं आहे का हेही विचारा. प्रक्षेपणाचे हक्क दर दोन-चार वर्षांनी हात बदलतात. मागच्या मोसमात इथं बघितली होती, म्हणून यंदाही दिसेल, असं धरून चालू नका. पलीकडचा माणूस “सगळे चॅनल आहेत” म्हणाला तर चॅनलचं नाव घेऊन पुन्हा विचारा. गप्प झाला तर पुढचा नंबर लावा.

तिसरा प्रश्न पैशाचा. मोठ्या मॅचला काही ठिकाणी माणशी किमान बिल ठरवतात किंवा टेबलासाठी आगाऊ मागतात. आधी कळलं तर राग येत नाही.

जागा धरणं

गोव्याचा किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. संध्याकाळी पाचची मॅच शॅकमध्ये बघायची म्हटली तर दोनच गोष्टी होतात: पडदा समुद्राकडं तोंड करून असेल तर उन्हानं पांढरा पडतो, आणि समुद्राला पाठ करून असेल तर सूर्य तुमच्या डोळ्यांत. सूर्य बुडेपर्यंत बॉल कुठं आहे ते अंदाजानं ओळखायचं. लवकरची मॅच असेल तर आतला बार घ्या, कलता सूर्य हाफटाइमला बाहेर येऊन बघा.

बारात शिरल्यावर टीव्हीच्या बरोबर खाली बसू नका, मान मोडते. तिरकं, दोन टेबलं सोडून. पंखा तुमच्या आणि टीव्हीच्या मध्ये येत नाही ना ते बसून बघा, उभं राहून नव्हे. मॅचच्या तासभर आधी पोचा आणि लगेच काहीतरी मागवा. रिकामं टेबल अडवून बसलेल्या चौघांची मॅच कुणी लावत नाही.

पणजीच्या एका तावेर्नमध्ये रिमोट गल्ल्यावरच्या म्हाताऱ्या मालकाच्या खिशात असतो, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर. पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यानं आमच्याकडं बघितलंही नाही. टीव्हीवर कोकणी बातम्या चालू. आम्ही मॅचचं नावच काढलं नाही. एक-एक उर्राक घेतली (काजूची हलकी दारू, ती मार्च ते मे एवढीच मिळते, चुकवू नका), चोरीस-पाव मागवला आणि त्याला विचारलं, पूर्वी तुम्ही कुठल्या जागेवर खेळायचा? राइट बॅक, म्हणाला. मग गुडघा दाखवला. मग रबर काढलं.

परतीचं आधीच ठरवा

गोव्यात महाराष्ट्रासारखं पिण्याचं परमिट लागत नाही, पण वय २१ पूर्ण हवं. उघड्या किनाऱ्यावर बाटली घेऊन बसू नका. तिथं पिण्याला दंड आहे. मॅच संपल्यावर स्वतः गाडी चालवायची नाही. १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल निघालं की गुन्हा, पहिल्या खेपेलाच १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. गोव्यात ओला-उबर नाहीत. गोवामाइल्सचं ॲप आधीच मोबाइलवर घेऊन ठेवा. मध्यरात्री पायलट सापडत नाही. माझं मत विचाराल तर खोली बारापासून चालत जाता येईल अशीच घ्या, समुद्र दिसला नाही तरी चालेल.

आणि डिकीत “फक्त दोनच” बाटल्या टाकायचा मोह आवरा. गोव्याची दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणता येत नाही, आणि बांद्याजवळ इन्सुलीच्या नाक्यावर गाड्या उघडून बघतात. आमची गाडी एकदा थांबवली होती. डिकीत निघाल्या चार ओल्या चड्ड्या, काजू आणि अर्जेंटिनाचा वाळू लागलेला झेंडा. शिपायानं झेंडा उलगडून बघितला, पुन्हा नीट घडी घातली आणि म्हणाला, “आम्ही ब्राझीलवाले. जावा.”