कुकरमध्ये फळं घालून ओट्स करताना

ओट्स थेट कुकरमध्ये लावू नका. शिजताना फेस येतो, तो शिट्टीत चढतो आणि वाफेची वाटच अडते. कुकरच्या तळाशी पाणी घालून आत डब्यात ओट्स ठेवा, डबा निम्माच भरा. जाड, तुकडा ओट्सना एका वाटीला तीन वाट्या पाणी आणि अर्धा चमचा लोणी, म्हणजे फेस आवरतो. सफरचंदाच्या फोडी, मनुका, दालचिनीचा तुकडा सुरुवातीलाच. प्रेशर आल्यावर मंद आचेवर 12 मिनिटं. वाफ आपोआप जिरू द्या, घाईत शिट्टी उचलली की पुन्हा तोच फेस! दूध, केळं, वेलचीपूड शेवटी. वेलची आधी घातली तर वास उडतो. पातळ दिसलं तरी थांबा, जरा निवलं की आळतं.