अभिरूप संसदेत अध्यक्ष व्हायचं असेल तर

आमच्या मंडळाची अभिरूप संसद, म्हणजे खऱ्या संसदेसारखी लुटुपुटूची सभा, दर पावसाळ्यात भरते. इंदुरातला जुना हॉल, तीन पंखे, त्यातला एक फिरण्यापेक्षा कुरकुरतोच जास्त. सहा वर्षं मी अध्यक्षाच्या खुर्चीत बसले. यंदा गुडघ्यांनी संप पुकारलाय, म्हणून पुढच्या बाईसाठी हे लिहून ठेवते.

इंदुरात अध्यक्ष म्हटलं की ताई. आडनाव सांगावं लागत नाही. सुमित्राताई महाजन माहेरच्या चिपळूणच्या, सून इंदूरच्या. १९८२ मध्ये नगर निगमात निवडून आल्या, पुढे उपमहापौर झाल्या, १९८९ पासून सलग आठ वेळा लोकसभेत गेल्या आणि जून २०१४ मध्ये लोकसभेच्या अध्यक्ष झाल्या. नगरसेविका ते ती खुर्ची, मध्ये बत्तीस वर्षं. तेव्हा तुम्हीही आधी दोन वर्षं खाली बाकावर बसा. भांडा, वेळ संपल्यावरही बोलत राहा, घंटा वाजवून कोणीतरी गप्प करू दे. तो अपमान एकदा गिळला की दुसऱ्याला कुठे आणि कसं थांबवायचं ते नीट कळतं.

आदल्या रात्री वही आखा. सदस्याचं नाव, बाजू, मिळालेली मिनिटं, वापरलेली मिनिटं. लोकसभेत चर्चेचा वेळ पक्षांच्या संख्याबळावर वाटतात, आपणही तसाच वाटायचा. आमच्याकडे सदस्य अठ्ठावीस, सरकारचे सोळा, विरोधक बारा. सत्तर मिनिटांची चर्चा असेल तर चाळीस आणि तीस. हे आधीच फळ्यावर लिहून टाकलं की 'आम्हाला कमी वेळ दिला' ही अर्धी रड जागीच संपते. शिवाय वहीत एक रांग कोरी ठेवा, अजून एकदाही न बोललेल्यांची. हात वर करणारे दिसतातच. मागच्या भिंतीला टेकलेली, पदराशी चाळा करणारी सून दिसत नाही, तिचं नाव आपण होऊन पुकारायचं.

आता आरडाओरड. पहिल्या वर्षी मी ओरडणाऱ्यांच्या वर ओरडले. तिसऱ्या वक्त्यापर्यंत घसा बसला आणि उरलेली सभा मी खाणाखुणांवर चालवली. नंतर लोकसभेचे नियम वाचायला घेतले, तेव्हा ३६१ व्या नियमात उत्तर सापडलं: अध्यक्ष उभे राहिले की बोलणाऱ्याने लगेच खाली बसायचं आणि सगळ्यांनी शांतपणे ऐकायचं. म्हणजे ओरडायचं नाहीच, उभं राहायचं. सभेच्या सुरुवातीला हा नियम वाचून दाखवा आणि पहिल्याच गोंधळाला उभ्या राहा. काही बोलू नका. पाच-सात सेकंद फार लांब वाटतात, पण लोक एकेक करत बसतात. माझे गुडघे यातच गेले म्हणा ना.

दुसरं हत्यार म्हणजे नजर. सदस्याने समोरच्याशी नाही, अध्यक्षांशी बोलायचं असतं. हे नुसतं शिष्टाचारापुरतं नाही. एका वर्षी एक काका सरकारी बाकावर आणि त्यांची सख्खी सून विरोधात. विषय नळाच्या पाण्याचा. काका मध्येच वळून म्हणाले, "ही घरी पण अशीच बोलते!" हॉल हसला, सूनबाईंचा चेहरा उतरला. मी म्हटलं, "काका, माझ्याकडे बघून बोला." काका माझ्याकडे वळले, पण मला काय सांगणार, मी थोडीच त्यांच्या घरी स्वयंपाक करते? वाक्य तिथेच विरलं. चिटणीस कानाशी येऊन म्हणाले, "हे इतिवृत्तात घेऊ का?" नाही. अपमानकारक किंवा सभेला न शोभणारे शब्द कामकाजातून वगळायचा अधिकार अध्यक्षांना असतो, तो अशा वेळी वापरायचा. पोरं जोशात 'माननीय भिया' (इंदुरी बोलीतला भैया) म्हणतात, तेवढं मात्र मी राहू देते. इंदूर आहे शेवटी.

हरकतीचा मुद्दा कोणी काढला की एवढंच विचारा, "कोणता नियम मोडला?" दहातले आठ तिथेच खाली बसतात.

बाहेर काढायची वेळ सहसा येऊ देऊ नका. ऑगस्ट २०१५ मध्ये ताईंनी काँग्रेसच्या पंचवीस खासदारांना पाच दिवसांसाठी निलंबित केलं, तेव्हा आमच्या घरातही जेवणाच्या टेबलावर दोन तट पडले होते. माझं मत मी इथे सांगत नाही, खुर्चीची सवय.

मतदान आधी आवाजी. कोणी आव्हान दिलं तर मोजणी, आणि मोजणीआधी दारं लावून घ्या, नाहीतर पोह्यांच्या वासाने बाहेर गेलेले जिलबी चघळत परत येऊन हात वर करतात.

आता सगळ्यात अवघड गोष्ट. ठराव होता राजवाड्यासमोर चारचाकी बंद करण्याचा. सरकारचे दोघे फुटले आणि मतं पडली चौदा-चौदा. अध्यक्ष आधी मत देत नाहीत, बरोबरी झाली तरच निर्णायक मत देतात, हे संविधानाच्या १०० व्या अनुच्छेदात आहे. ते कोणत्या बाजूला द्यायचं हे मात्र तिथे लिहिलेलं नाही. संसदीय प्रथा अशी की जे चालू आहे ते तसंच राहील असं द्यावं, कारण बदल करायचा तर तो सभेच्या बहुमताने व्हावा, एकट्या अध्यक्षाच्या मताने नाही. मी त्या भागात चाळीस वर्षं राहते. संध्याकाळी सराफ्याकडे पायी जाताना गाड्यांच्या आरशांचा मार कोपरांनी खाल्लाय. मला ठराव हवाच होता. मी 'नाही' म्हटलं. ठराव मांडणारी माझी शाळेपासूनची मैत्रीण जिलबी संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मग म्हणाली, "तू तर आमचीच होतीस ना?" मी म्हटलं, "खाली उतरले की आहेच."

घंटा मंडळाच्या लोखंडी कपाटात, खालच्या खणात आहे. लोलक सैल आहे, दोऱ्याने बांधलाय. एक मिनिट उरलं की एकदा वाजवायची, वेळ संपली की दोनदा. तिसऱ्यांदा वाजवू नका, सरळ पुढचं नाव पुकारा.