वाडीवरच्या शाळेत रुजू होताय? शिक्षण परिषदेला वही घेऊन जा

कोकणात पहिली नेमणूक बहुधा दोनशिक्षकी शाळेवर होते. आरटीईप्रमाणे, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे, ६० पटापर्यंत शिक्षक दोनच. जोडीदार तालुक्याला मीटिंगला गेला की चारही इयत्ता तुमच्या एकट्याकडे. अशा वेळी अडलं तर विचारायचं कुणाला?

प्रशिक्षणं भरपूर येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकासाठी वर्षाला किमान ५० तासांचं प्रशिक्षण सांगितलंय. ‘निष्ठा’ या सरकारी शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाचे कोर्स ‘दीक्षा’ ॲपवर आहेत. आमच्यासारख्या खालच्या वाडीत रेंज नसते, तेव्हा सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर जाऊन ते उघडावे लागतात. ते जरूर करा, पण प्रमाणपत्र मिळालं म्हणून वर्गातली अडचण सुटत नाही. ती सुटते केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत. तिथे या शाळांचे शिक्षक एकत्र बसतात. मात्र तुम्ही ती तिथे मांडली तर.

मुलांच्या चुका वहीत जशाच्या तशा उतरवून घ्या. माझ्या वर्गात तिसरीतली मुलं ५२ मधून २७ वजा करून ३५ लिहीत होती. मी नुसती फुली मारली नाही, वही परिषदेत दाखवली. शेजारच्या शाळेतल्या बाईंनी लगेच ओळखलं: मुलं प्रत्येक घरात मोठ्यातून लहान अंक काढतायत, सातातून दोन, पाचातून दोन. त्यांनी माडाचे हीर (झावळीच्या काड्या) मागवले. दहा-दहाच्या पाच जुड्या आणि दोन सुटे. दोनातून सात जात नाहीत, मग एक जुडी सोडायची. आता सुटे बारा, जुड्या चार. दुसऱ्या दिवशी वर्गात हेच केलं आणि मुलांनी स्वतःच २५ काढून दाखवले.

म्हणून मला ठामपणे वाटतं की परिषदेचा निम्मा वेळ शिक्षकांच्या प्रश्नांना मिळायला हवा. परिपत्रकं व्हॉट्सॲपवर वाचता येतात. तालुक्याच्या प्रशिक्षणात बहुवर्ग अध्यापनाचा प्रत्यक्ष पाठ हवा, तोही पहिली ते चौथीची मुलं एकत्र बसवून. तालुक्याच्या गटसाधन केंद्रातल्या साधनव्यक्तींनी, म्हणजे शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी, शाळेला भेट देताना रजिस्टरं तपासण्याआधी एक तासिका स्वतः घेऊन दाखवावी. नवख्याला त्याचा फार आधार वाटतो.

हे सगळं होईपर्यंत थांबू नका. केंद्रप्रमुखांना आधीच फोन करा, "सर, मला दहा मिनिटं हवीत" म्हणून सांगा, आणि पोरांच्या दोन-तीन वह्या पिशवीत टाका.