मॉरिशसचा झेंडा आणि राष्ट्रचिन्ह हाताने कसं काढायचं

मार्च लागला की आमच्या शाळेत पोस्टर कलरच्या बाटल्या बाहेर निघतात. १२ मार्च १९६८ला मॉरिशस स्वतंत्र झाला आणि १९९२ साली त्याच तारखेला प्रजासत्ताक. मी इथल्या प्राथमिक शाळेत मराठी शिकवते. हात चित्रकलेत बरा, त्यामुळे झेंड्याचं आणि राष्ट्रचिन्हाचं काम माझ्याकडेच असतं. भारतातल्या भाचरांनाही शाळेत 'एका देशाची माहिती' असा प्रकल्प असतो, म्हणून सगळं नीट लिहून काढते आहे.

आधी झेंडा घ्या, तो सोपा आहे. ए-फोर कागद आडवा धरून २७ बाय १८ सेंटिमीटरची चौकट आखा. लांबी-रुंदीचं प्रमाण ३:२ हवं, ते यात बरोबर बसतं. उंचीवर साडेचार-साडेचार सेंटिमीटरवर खुणा करून तीन आडव्या रेघा मारा. वरून खाली लाल, निळा, पिवळा, हिरवा. सगळी गंमत रंग भरण्याच्या क्रमात आहे. पिवळा आधी भरा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या पिवळ्याला निळा टेकला की मध्ये एक हिरवी रेघ उमटते आणि ती काही केल्या जात नाही. मग लाल आणि हिरवा, हे दोघे एकमेकांना लागून नाहीत. निळा सगळ्यात शेवटी, चपट्या ब्रशने, रंग जरा घट्टच ठेवून.

रंग वाळेपर्यंत मुलांना अर्थ सांगते. लाल म्हणजे स्वातंत्र्यासाठीचा झगडा, निळा म्हणजे हिंदी महासागर, पिवळा म्हणजे स्वातंत्र्याचा नवा प्रकाश, हिरवा म्हणजे इथली शेती आणि बाराही महिने टिकणारी हिरवाई. हा झेंडा गुरुदत्त मोहेर यांनी रेखला. ते शिक्षक होते. त्यांच्या नावाला सरकारी मान्यता मिळाली ती ते गेल्यानंतर, २०१८ साली, टपाल तिकिटाच्या रूपाने. वर्गात हे नाव मी दरवर्षी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिते.

आता राष्ट्रचिन्ह. याला वेळ काढून बसा. हे १९०६चं आहे, इंग्रजांच्या राज्यातलं, सातव्या एडवर्डच्या काळात मिळालेलं. कागद उभा धरा. मधोमध दहा सेंटिमीटर रुंद, बारा सेंटिमीटर उंच ढाल काढा, खाली निमुळती. एक उभी, एक आडवी रेघ मारून तिची चार घरं करा. तुमच्या डावीकडचं वरचं आणि उजवीकडचं खालचं घर निळं, उरलेली दोन सोनेरी. सोनेरी रंग मुद्दाम आणू नका. झेंड्याचाच पिवळा वापरा, कारण झेंड्यातले चारही रंग या ढालीत आहेत. एकाच बाटल्यांतून दोन्ही चित्रं रंगवली की हे मुलांना न सांगता दिसतं.

वरच्या निळ्या घरात पिवळं गलबत. शेजारच्या पिवळ्या घरात तीन हिरवी ताडासारखी झाडं. खालच्या पिवळ्या घरात लाल किल्ली. ती उभी असते आणि तिचे दाते खाली असतात. बरीच मुलं दाते वर काढतात, तेवढं बघा. शेवटच्या निळ्या घरात वर पांढरा पाच टोकांचा तारा, आणि तळातून त्याच्याकडे निमुळता होत जाणारा पांढरा त्रिकोण. किल्ली आणि तारा हे सगळ्या चिन्हाचं मर्म. खालच्या पट्टीवर लॅटिनमध्ये तेच लिहिलेलं असतं: 'स्टेला क्लाविस्क्वे मारिस इंडिकी' (STELLA CLAVISQUE MARIS INDICI), म्हणजे हिंदी महासागराचा तारा आणि किल्ली.

ढालीच्या डावीकडे डोडो, उजवीकडे सांबर. दोघांच्याही अंगाचे तिरपे दोन भाग, एक लाल, एक पांढरा, आणि मधली रेघ सरळ नाही, किल्ल्याच्या तटावरच्या चर्यांसारखी दातेरी. ही रेघ आधी पेन्सिलीने पूर्ण करा, मगच रंगाला हात लावा. डोडोची चोच जाड आणि टोकाला वळलेली, पंख अगदी छोटे. पंख मोठे केलेत तर तो बदक दिसतो. हा पक्षी जगात फक्त याच बेटावर होता. डच १५९८ साली इथे उतरले आणि शंभर वर्षांच्या आत तो संपला. पुढे १८६५ साली जॉर्ज क्लार्क नावाच्या शिक्षकाला मार-ओ-साँजच्या दलदलीत त्याची हाडं सापडली.

सांबर काढताना शिंगांचे फाटे मोजके ठेवा. बेटावरचं खरं हरीण जावा बेटावरून १६३९ साली डचांनी आणलेलं. ऊसही त्यांनीच आणला, तोही जावाहूनच.

तो ऊस या चिन्हात आहे, डोडोजवळ एक आणि सांबराजवळ एक, उभा. इथे मी मुलांना घाई करू देत नाही. १८३४पासून भारतातून करारावर मजूर आणले गेले ते या उसासाठी. त्यांत कोकणातली माणसंही होती. माझ्या सासरची मंडळी रत्नागिरीकडचीच, पोर्ट लुईच्या धक्क्यावर उतरून मळ्यात गेलेली. तोच धक्का आज आप्रवासी घाट म्हणून ओळखला जातो. चिन्हात ऊस आहे, ऊस तोडणारा माणूस नाही, याचं मला वाईट वाटतं. म्हणून ऊस म्हणजे दोन हिरव्या रेघा असं मला चालत नाही. खालची पेरं आखूड, वरची लांब, प्रत्येक पेरावर डोळा, शेंड्याला पात वाकलेली. पेराच्या सांध्यावर बारीक ब्रशने तपकिरी कडी काढा, ऊस लगेच खरा वाटतो.

राहिली अक्षरं. चार शब्दांची रोमन लिपीत २६ अक्षरं आणि मधल्या तीन जागा, अशी २९ घरं पट्टीवर आखा. पंधरावं घर मधलं, आणि तिथे दुसऱ्या शब्दातलं 'यू' येतं. ते आधी लिहा आणि मग डावी-उजवीकडे सरकत जा. डावीकडून सुरुवात केलीत तर शेवटचा शब्द हमखास पट्टीबाहेर जातो.

दोन्ही चित्रं आडवी ठेवून रात्रभर वाळू द्या. टांगताना झेंड्याचा लाल पट्टा वर आहे ना, हे दोन मुलांकडून तपासून घ्या.