दाताच्या रंगाचं फिलिंग आणि पाणी

कंपोझिट फिलिंग (रेझिन, म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक, आणि त्यात मिसळलेले काचेचे बारीक कण) करून घरी आलात आणि आरशात तो दात दोन छटांचा दिसला, तर लगेच डॉक्टरांना फोन करू नका. काम चालू असताना दात कोरडा ठेवलेला असतो. कोरडा दात जास्त पांढरा दिसतो. लाळेनं तो पुन्हा ओला झाला की मूळ रंगावर येतो. एखाद-दोन दिवस थांबून मगच रंग जुळतोय का ते बघा.

भरताना मात्र ओलावा हा खरा शत्रू. लाळ लागली की चिकटपणा कमी होतो आणि पुढे कडेनं फट पडते. म्हणून डॉक्टर रबराचं पातळ कापड, म्हणजे रबर डॅम, लावायला निघाले तर कुरकुर नको. तोंड अवघडतं, हे मान्य.

निळ्या प्रकाशानं कडक झालेलं रेझिनही पुढचे काही आठवडे हळूहळू पाणी शोषतं. त्यानं ते किंचित फुगतं, आणि कडक होताना आकसलेलं थोडंफार भरून निघतं. पण त्याच वाटेनं रंगही शिरतो. पहिले दोन दिवस हळदीचा रस्सा आणि कडक चहा जरा बेतानं. वर्षानुवर्षांत पाणी रेझिन आणि काचेच्या कणांमधला बंध सैल करतं, त्यामुळे जुन्या फिलिंगच्या कडा तपासून घ्या.